गाळाच्या वाट्या

वैशाखाचा ताम्रवर्ण मध्याह्न. धरणाचे जल ओसरले होते. पाण्याची नीलिमा मागे हटली होती, आणि तिच्या मागे उघडा पडला होता गाळ. कृष्णकपिश, मृदुल, भेगाळलेला गाळ. त्यातून वर आले होते उंबरे. घरे नव्हती, भिंती नव्हत्या. नुसते उंबरे, आत कुठेच न नेणारे.

त्या जलमग्न जांभूळखोऱ्याच्या काठावर मधुसूदन सबनीसांची कुंभशाळा होती. पूर्वाश्रमी ते भूसंपादन अधिकारी. याच गावाची घरे, झाडे, विहिरी त्यांनी टेप लावून मोजली, रिकामी करवली. आणि मग अंतर्मनाची हाक ऐकून राजीनामा दिला. हाक मात्र गाव बुडाल्यावरच ऐकू आली.

आता ते चाकावर वाट्या घडवीत. गावाच्याच गाळाच्या, शंखशुभ्र झिलईच्या, कमळपाकळीसारख्या पातळ काठाच्या वाट्या. उद्या पुण्यात त्यांचे पहिले प्रदर्शन होते. पत्रिकेवर छापले होते : ‘मातीशी नाळ जोडलेला कलावंत’. नाळ कोणी कापली, हे छापायला पत्रिकेत जागा नव्हती.

त्या मध्याह्नी पुनर्वसन वसाहतीतून हौसाबाई मरगळे आली. उंबरा धरून बसलेल्या हौसाबाईला सबनीसांनीच एकदा, अत्यंत विनयाने, उठवले होते.

फळीवरच्या वाट्या तिने न्याहाळल्या.

“सायेब, तवा गाव टेपानं मापलंत. आता वाटीनं मापताय व्हय?”

सबनीस हसले. हसणे सोपे होते. “बसा, हौसाबाई. चहा घ्या.”

“घेते की. पर ह्या वाटीत नगं.” हातातली वाटी तिने जपून उपडी ठेवली. “माती कुठनं उचलता?”

“नदीच्या वळणावरून. तिथली फार मऊ आहे.”

“आसंलच. मसनवटा व्हता तितं आमचा. सासू माजी तितंच जळली.” स्वरात रोष नव्हता, अश्रू नव्हते. “लई खाष्ट बाई. जितेपनी कुनाच्या हाताला मऊ लागली न्हाई.”

ती गेली. सबनीसांनी हात धुतले. पुन्हा धुतले. तळव्याच्या रेषांत गाळ तसाच होता. आयुष्यरेषेत, भाग्यरेषेत, काळा, सूक्ष्म, स्वस्थ.

सायंकाळ उतरली, आधी कुंकवाची, मग राखेची. न भाजलेल्या वाट्यांची फळी उचलून ते काठावर गेले. एकेक वाटी त्यांनी पाण्यात धरली. पाण्याने ती ओळखली. काठ विरला, तळ विरला, बोटांत उरला नुसता ओलावा. गाळ गाळाला मिळाला. त्यांना हलके वाटले. लाज वाटावी इतके हलके.

मग भट्टीतून तावूनसुलाखून निघालेली, प्रदर्शनातली सर्वांत देखणी वाटी त्यांनी पाण्यावर सोडली.

ती विरली नाही. ती बुडाली नाही. राजहंसीसारखी डुलत ती अर्ध्या बुडालेल्या शेवटच्या उंबऱ्यापर्यंत गेली, तिथे क्षणभर रेंगाळली. वारा फिरला. आणि संथपणे, शुभ्रपणे, अत्यंत विनयाने ती परत आली; त्यांच्या पायाला लागली, आणि थांबली.