एकशे पंचेचाळीस ठोके

माझी मुलगी ऐश्वर्या सायट्रान्स नावाचं संगीत बनवते. आमच्या कोपरच्या सोसायटीत हे नाव कुणालाच नीट घेता येत नाही. समोरच्या विमलाबाई "ते तुमचं धडधड" म्हणतात. माझे यजमान दौलत स्वतः दर गणपतीत बेंजोपुढे कंबर मोडेपर्यंत नाचतात आणि पोरीला विचारतात, "ह्याच्यात शब्द कधी येणार?" शब्द येत नाहीत हो. सात-आठ मिनिटं येत नाहीत.

मला जेवढं कळलं तेवढं सांगते. मिनिटाला एकशे पंचेचाळीस ठोके. प्रत्येक ठोक्याला पोटात बसणारं एक धप्प, त्याला किक म्हणायचं. दोन धप्पांच्या मधल्या जागेत बेस, म्हणजे खालचा जाड आवाज, तीनदा गुरगुरतो. धप्प-गु-गु-गु, धप्प-गु-गु-गु. त्याच्यावर मग ती चिवचिवाट, घोंगावणं, काय वाटेल ते चढवते. पण खालचं बसलं नसेल तर वरचं सगळं फुकट. किक आणि बेस यांनी एकमेकांच्या पायावर पाय द्यायचा नाही आणि एकमेकांना सोडायचंही नाही. एवढी एक गोष्ट जमवायला माझी पोर दोन-दोन महिने बसलेली मी पाहिली आहे. आणि ती गोष्ट ऐन वेळी बिघडली ती माझ्यामुळे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी माझ्या तोंडावर मारायला नको.

ऐश्वर्या दिवसा ठाण्याला एका डोळ्यांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर बसते. संध्याकाळी सात ते नऊ आतल्या खोलीत स्पीकर लावते. त्या खोलीच्या कोपऱ्यात आमच्या गाद्या असायच्या. गावाकडून कोण कधी टपकेल याचा नेम नसतो, त्यामुळे कापसाच्या पाच जाड गाद्या आणि सात गोधड्या, वर चादर टाकून, माझ्या छातीएवढा ढीग. ऐश्वर्या त्या ढिगावरून किती वेळा भांडली असेल! "आई, हा स्टुडिओ आहे की धर्मशाळा?" मी म्हणायची, "धर्मशाळाच आहे, तू फुकट राहतेस ना?"

माजिवड्याला शौनक म्हणून एक आहेत. पंधरा वर्षं हेच संगीत करतात, बाहेरच्या देशांत जाऊन वाजवून येतात. त्यांनी सहा जणांच्या ट्रॅकचा एक संग्रह काढायचं ठरवलं. पाच नावं ठरलेली, सहावी जागा नव्या माणसाची. त्या एका जागेसाठी त्यांनी तिघांना रविवारी सकाळी बोलावलं, पूर्ण झालेला ट्रॅक घेऊन. त्यांत माझी ऐश्वर्या.

"हा लागला ना आई," ती म्हणाली, "तर लोक मला प्रोड्यूसर म्हणतील. नाही तर मी आहेच चष्म्याचे नंबर सांगणारी." हसत म्हणाली, पण मी आई आहे. ते हसणं कुठून आलं ते मला कळलं.

त्याच आठवड्यात शहाडच्या आमच्या वन्संकडे, म्हणजे दौलतच्या बहिणीकडे, तिच्या मुलाचं, विनीतचं लग्न होतं. पाहुणे उतू चाललेले. बुधवारी वन्सं फोनवर म्हणाल्या, "वहिनी, गाद्या आहेत का गं?" मी मोठेपणाने म्हणाले, "आहेत की! सगळ्या न्या." दुपारी टेम्पो आला आणि कोपरा रिकामा झाला. ऐश्वर्या संध्याकाळी आली आणि कोपरा बघून टाळ्या पिटल्या तिने. "सुटलो बाबा!" म्हणाली आणि स्पीकर लावले.

दहा मिनिटांत तिचं तोंड उतरलं. "आई, बेस किती घुमतोय. इतके दिवस माझ्या लक्षात कसं नाही आलं?" मग बुधवार, गुरुवार, शुक्रवार, तिन्ही दिवस ती बेस कमी करत बसली. थोडा इथून काप, थोडा तिथून काप. मी चहा देत होते आणि "हं, आता बरं वाटतंय" म्हणत होते. मला काय कळत होतं, कप्पाळ! शनिवारी ती म्हणाली, झालं. आणि मला म्हणाली, "उद्या तू चल. माझ्या बाजूने नाचायला कुणी तरी पाहिजे."

शौनक यांचा हॉल मोठा, आणि स्पीकर आमच्या फ्रीजपेक्षा उंच. दहा-बारा मुलंमुली जमिनीवर बसलेली. पहिला ट्रॅक मितेश नावाच्या मुलाचा. तो सुरू झाला तसं जमिनीतून माझ्या मांडीत आणि मांडीतून छातीत आलं. घरी जे नुसतं ऐकत होते ते इथे अंगात शिरलं. इतकी वर्षं मी या पोरीला कशाला हटकत होते, असं मला तिथे वाटून गेलं. मग एका सान्वीचा ट्रॅक झाला, आणि मग ऐश्वर्याचा.

वरचं सगळं सुंदर होतं. मुलं माना हलवायला लागली, कुणी तरी डोळे मिटले. मीसुद्धा पदर खोचून उभी राहिले. वळून पाहिलं तर ऐश्वर्या ताठ बसलेली, चेहरा पांढरा. तिने अर्ध्या मिनिटातच ओळखलं होतं. ट्रॅक संपला, टाळ्या पडल्या, चांगल्या पडल्या. शौनक म्हणाले, "लीड, वरची धून, फारच छान जमलीय. बेस पातळ आहे थोडा, पण ते मी मास्टरिंगमध्ये, शेवटचा हात फिरवताना, सांभाळून घेईन. ऐश्वर्या, सहावा ट्रॅक तुझा."

मी "अगं बाई!" म्हणून ओरडलेच.

ऐश्वर्या उभी राहिली. "नको," म्हणाली. "सर, बेस पातळ नाहीये, बेस नाहीच आहे. मास्टरिंगमध्ये खालचं वर ओढलं तर किकसुद्धा फुगेल. हे मिक्समध्येच, एकेक आवाज बसवतानाच, नीट करावं लागेल. मला दोन दिवस द्या."

"आज फायनल पाठवायचंय. सगळ्यांना तारीख दिलेली आहे. आणि अगं, ऐकणाऱ्यांपैकी निम्म्यांना हे कळणारही नाही."

"मला कळतंय ना. मितेशचा घ्या, सर. त्याचा बेस बसलाय."

मितेश खाली बघत होता. शौनक म्हणाले, "ठीक आहे." दोनच शब्द. इतक्या वर्षांची मेहनत त्या दोन शब्दांत गेली.

माजिवड्याच्या बसस्टॉपवर मी तिला फाडून खाल्लं. "ताट समोर आलं होतं तर लाथ मारलीस? एवढा माज कुठून आला तुला? घेतो म्हणाला होता ना तो माणूस!" येणारी-जाणारी माणसं बघतायत, मला पर्वा नाही. शेवटी ती म्हणाली, "आई, मला एकच कळत नाहीये. बुधवारपर्यंत बरोबर होतं. बुधवारी खोलीत एकदम घुमायला कसं लागलं?"

बुधवार. मी म्हटलं, "ऐश्वर्या, बुधवारी गाद्या गेल्या."

तिने माझ्याकडे पाहिलं आणि डोक्यावर हात मारून घेतला. मग तिने मला समजावलं. कोपऱ्यात बेस साठतो, गाद्यांचा ढीग तो गिळत होता. ढीग गेला, खोली घुमायला लागली आणि ती घुमणाऱ्या खोलीचं ऐकून चांगला बेस कापत बसली. खोली खोटं बोलत होती, ट्रॅक खरा होता.

मला रडूच आलं. वन्संपुढे मोठेपणा करायला गेले आणि पोरीचा घास घालवला. मी म्हटलं, "थांब, मी परत जाते आणि त्या शौनकला सांगते. चूक माझी आहे, तुझी नाही. देतील तुला दोन दिवस."

तिने माझं मनगट धरलं. "नाही जायचं. गाद्या तुझ्या होत्या, कान माझे होते. खोली बदलली हे मला कळायला पाहिजे होतं. बाहेर कुठे तरी जाऊन, दुसऱ्या स्पीकरवर एकदा ऐकायला पाहिजे होतं. टाळ्या पिटत बसले मी. ही चूक माझ्याच नावावर लिही."

सत्तावीस वर्षांची पोर. एवढं नुकसान झालेलं, दोष द्यायला आयती आई समोर उभी, आणि हिने तो दोष माझा हात धरून स्वतःकडे घेतला. माझा सगळा राग कुठे गेला कळलंच नाही. बस आली तेव्हा तिच्याकडे बघायला मला लाज वाटत होती आणि अभिमानाने नुसतं भरून येत होतं, दोन्ही एकदम.

सोमवारी गाद्या परत आल्या आणि मंगळवारी तिने सगळं पुन्हा बसवलं. शौनकना पाठवलं. त्यांचं उत्तर आलं, "आता हा ट्रॅक आहे. पण संग्रह गेला." सहावं नाव मितेशचं लागलं. शुक्रवारी संग्रह बाहेर पडला त्या दिवशी ऐश्वर्याने घरात सहाही ट्रॅक लावले आणि मितेशचा लागला तेव्हा म्हणाली, "ऐक आई, किक काय बसलीय!" खोटं नव्हतं त्यात काही. मला आता कळतं.

पुढच्या रविवारी शहाडला विनीतच्या लग्नाची पूजा होती. पन्नासेक माणसं. प्रसाद वाटता वाटता वन्संनी सगळ्यांसमोर विचारलं, "वहिनी, पोरीचं ते गाणं लागणार होतं ना कुठे? नाही लागलं म्हणे?" आवाजात कीव होती. चार बायका माझ्याकडे वळून बघायला लागल्या. ऐश्वर्या दारात उभी होती, तिने मान खाली घातली.

मी द्रोण खाली ठेवला. माझा आवाज तसा मोठाच आहे, त्या दिवशी आणखी मोठा केला.

"लागलं होतं, वन्सं," मी म्हटलं. "तिचंच निवडलं होतं. टाळ्या वाजवून निवडलं होतं. पण तिला स्वतःला ते पसंत नव्हतं, म्हणून तिने दिलं नाही."

मी दारातल्या माझ्या पोरीकडे बोट केलं आणि म्हटलं, "ती बघा. प्रोड्यूसर आहे माझी मुलगी."

ऐश्वर्याने मान वर केली.