राजाच्या काचघरात मागे फिरता येत नाही

राजाची काचघरं वर्षातून तीन आठवडेच उघडतात, आणि त्या तीन आठवड्यांत अख्खं ब्रसेल्स लाकनच्या राजवाड्याच्या फाटकाशी येऊन उभं राहतं. मी दर वसंतात जाते. राजाचं मला काडीचं कौतुक नाही, पण त्याची फुशियाची फुलं बघण्यासारखी असतात. यंदा माझा मुलगा योरिस मुद्दाम सोबत आला होता. फुलं नव्हे, मला बघायला. त्याच्या बायकोने, ॲनलीसने, माझ्यासाठी वृद्धाश्रमात खोली धरून ठेवली होती. मी एकटी राहू शकते की नाही, हे त्याला आज ठरवायचं होतं.

म्हणून मी ताठ चालत होते. जिरेनियमच्या लांब बोळात शिरलो आणि एकदम आठवलं. वाटाण्याचं सूप! पातेलं गॅसवरच राहिलं होतं.

मागे वळले, तर पहारेकरी आडवा. "बाई, इथे एकच दिशा. पुढे चला."

"काय झालं, आई?"

"काही नाही. उकडतंय."

सांगितलं तर घर जाणार, नाही सांगितलं तर जळून जाणार. इकडे आड, तिकडे विहीर. माझ्या वरच्या मजल्यावर सुमेया राहते, आणि तिचं तान्हं बाळ या वेळी झोपलेलं असतं. मी कोपरांनी गर्दी कापत निघाले. पुढे एक जोडपं प्रत्येक कुंडीपाशी फोटो काढत होतं.

"फुलं उद्याही असतील, सरका," मी खेकसले.

योरिस धापा टाकत मागून आला. "अगं, हळू! मीच म्हातारा वाटायला लागलोय. ॲनलीस उगाच घाबरते. थांब, त्या खोलीला नाही म्हणून कळवूनच टाकतो."

हे ऐकायला माझे कान आसुसले होते. पण ते बाळ डोळ्यांपुढून हलेना.

"त्यांना फोन नको," मी म्हणाले. "आधी सुमेयाला लाव. माझा गॅस चालू राहिलाय. किल्ली आहे तिच्याकडे."

त्याचा चेहरा उतरला. सुमेया किल्ली घेऊन खाली जाईपर्यंत लोक आम्हाला धक्के देत पुढे जात होते. मग फोनमधून तिचा आवाज आला, आम्हा दोघांनाही ऐकू जाईल असा.

"आजी, गॅस बंद आहे. ओट्यावर पातेलंही नाहीये. सूप तर तुम्ही काल केलं होतं ना? मला वाडगाभर दिलंत की."

योरिसने फोन खिशात ठेवला. खोली नको म्हणून कळवायचं नावही काढलं नाही. माझा दंड धरून सावकाश चालू लागला.

"पायरी आहे, आई," तो म्हणाला.

मला दिसत होती.