माफी उद्या घेऊ

रेवसच्या धक्क्यापासून कोसभर आत, खाडीच्या तोंडाशी मांडवखार नावाचा कोळीवाडा होता. १९५८ सालच्या कार्तिकातल्या एका शनिवारी सकाळी विठोबा नाखव्याच्या अंगणात नेहमीचीच लगबग चालली होती. त्याची बायको ठमी काठ्यांवर बोंबील वाळत घालत होती. मुलगा दयाराम फाटलेलं जाळं तुणत बसला होता आणि त्याची बायको जनी, सात महिन्यांची गरोदर, चुलीपुढे भाकऱ्या थापत होती. मुलगी रतन तेवढी बाहेर निघायच्या तयारीत होती. तिला मुंबईची लाँच गाठायची होती.

"भाकर बांधून घे गो," जनी म्हणाली. "त्या शेटलोकांच्यात काय मिलतं खायला? चाय न बिस्कुट."

रतन मॅट्रिक झालेली, गावच्या मच्छीमार सोसायटीत चिटणिसाची मदतनीस. मुंबईतल्या एका व्यापारी मंडळाने त्या वर्षी तरुणांसाठी 'नेतृत्ववर्ग' काढला होता. पेढ्यांवरचे तरुण कारभारी, नवे वकील, हिशेबतपासनीस, उद्या ज्यांच्या हाती शहराचा व्यापार जायचा अशांना सभा चालवायला आणि माणसं सांभाळायला शिकवावं, हा हेतू. मासळीचे मोठे व्यापारी मंडळात होते, म्हणून सोसायट्यांनाही एक जागा मिळाली आणि ती रतनच्या वाट्याला आली. तेव्हा गावकीचे प्रमुख येसाजी नाखवा यांनी स्वतः तिच्या हाती नारळ दिला होता. "आमची पोर मोठ्या मानसांत बसनार," असं ते धक्क्यावर चारचौघांना सांगत होते.

वर्ग चालवत विश्वंभरपंत. चौलकडच्या नारळ-सुपारीच्या वाड्या असलेल्या घराण्यातले, मुंबईत नावाजलेले वकील. माणूस तळमळीचा होता. त्या शनिवारी त्यांनी सगळ्यांना एक काम दिलं.

"आपापल्या गावात, पेठेत, ज्ञातीत जी सभा भरते तिथे जा. जो प्रश्न सगळ्यांच्या मनात आहे पण कुणी विचारत नाही, तो उभं राहून विचारा. पुढारीपणाची सुरुवात तिथून होते."

सगळ्यांनी माना डोलावल्या. कापडबाजारातल्या मुलांनी पुढे काय विचारलं कोण जाणे. रतनने मात्र ते काम मनावर घेतलं.

मांडवखारच्या गावकीत बायका बसत नसत. देवळाच्या कट्ट्याला टेकून लांबून ऐकत. पौर्णिमेच्या बैठकीत पालखीचं बोलणं संपलं तेव्हा रतन कट्ट्यापासून पुढे आली. नीराबाईच्या मुलाने जातीबाहेरची, आगऱ्याची मुलगी केली म्हणून तिचं घर वाळीत होतं. तिच्याशी कुणी बोलत नसे, तिला विस्तव देत नसे. बोलेल त्यालाही तीच शिक्षा. सरकारने असल्या बहिष्काराविरुद्ध कायदा केलेला होता, पण मांडवखारात त्याचं नाव कुणी काढत नसे.

"नाखवा, एक विचारायचं हाय," रतन म्हणाली. "नीरामावशीला वालीत टाकलंय, ते कवापर्यंत? तिनं मरंपर्यंत काय?"

विठोबाने मान खाली घातली. येसाजी रागावले नाहीत. उलट हसले.

"बरा प्रश्न हाय," ते म्हणाले. "मुंबईला चांगलं शिकिवतात."

दुसऱ्या दिवशी भरती आली, खाडी भरली, पण विठोबाच्या होडीवरचे खलाशी आले नाहीत. बापलेक वाट बघत किनाऱ्यावर उभे राहिले. बाकीच्या होड्या एकेक करून बाहेर पडल्या. त्यांच्यावरच्या कुणीही या दोघांकडे पाहिलं नाही. ठमी विहिरीवर गेली तेव्हा बायांनी आपले हंडे उचलले आणि ती पाणी काढून जाईपर्यंत पाठ करून उभ्या राहिल्या. दुकानदाराने मिठाच्या गोणीला टेकून मीठ संपल्याचं सांगितलं. सोसायटीत रतनच्या टेबलाशी कुणी येईना. तिने हाक मारली की माणसं खिडकीबाहेर बघत.

कुणी शिवी दिली नाही की दगड मारला नाही. घराभोवती नुसती शांतता दाटत गेली. संध्याकाळी शेजारच्या पोरांचा आवाज यायचा, या अंगणाजवळ आला की तोही थांबायचा. जनी रतनला म्हणाली, "वन्सं, मला भ्या वाटतं. पोटातल्यालापन समजतं का गो समदं?"

रतन तिच्याजवळ सरकून बसली.

जनीचे दिवस भरत आले. गावात सुईण एकच, मनुबाई. येसाजींची थोरली विधवा बहीण, त्यांच्याच घरी राहणारी. रतन, दयाराम आणि गावातली निम्मी माणसं तिच्याच हातावर जन्मलेली. ठमी रोज म्हणायची, "मनुबाय येल. बालंतपनाला कोन आडवं येतं?" ते ती कुणाला सांगत होती, कळत नसे.

वर्गाचा शेवटचा शनिवार उजाडला. प्रत्येकाने आपल्या प्रश्नाची हकीकत सांगायची होती. रतन दालनात शिरण्याआधीच विश्वंभरपंतांनी तिला बाजूच्या खोलीत बोलावलं. ते तिच्याकडे न बघता बोलत होते.

"रतनबाई, तुमच्या गावाकडून आमच्या सभासदांपर्यंत गोष्टी आल्यात. मांडवखारची मासळी दुसऱ्या व्यापाऱ्यांकडे जाईल म्हणतात. आज तुम्ही त्या विषयावर बोलू नये. आणि गावात जाऊन माफी मागून टाका. नेत्याला वेळ ओळखता आली पाहिजे."

"साहेब, आमच्याशी गावात कुनी बोलत नाही. तुमी सांगितलं म्हनून मी विचारलं."

"मी सांगितलं, ते खरं," पंत म्हणाले. "पण ते सगळीकडेच लागू पडत नाही."

दालनातून टाळ्यांचा आवाज येत होता. कुणीतरी आपल्या धैर्याची गोष्ट सांगत होतं. रतन आत गेली नाही. ती तशीच भाऊच्या धक्क्यावर आली आणि मिळाली ती लाँच धरून निघाली.

रेवसला उतरली तेव्हा दुपार कलली होती. दयाराम धक्क्यावर उभा होता. सकाळपासून जनीला कळा लागल्या होत्या आणि मूल अडलं होतं. अलिबागेला न्यायला गाडीवान तयार नव्हता. मनुबाईला बोलवायला दयाराम दोनदा गेला, दोनदा येसाजींनी त्याला दारातून परत पाठवला.

"काय म्हनाले?"

"तू नाक घासून माफी माग म्हनतात."

घरात शिरताच जनीचं ओरडणं ऐकू आलं. तिच्या उशाशी नीराबाई बसली होती. वाळीतल्या घरी यायला वाळीतलीच बाई तेवढी मोकळी होती. तिने रतनकडे पाहिलं आणि मान हलवली. हे तिला जमण्यासारखं नव्हतं.

रतन येसाजींच्या दारी गेली. वाटेत तिने सगळं ठरवून टाकलं होतं. मान, वर्ग, नीराबाईचा न्याय, काहीही नको, जनी सुटली पाहिजे. येसाजी ओटीवर पान लावत बसले होते.

"नाखवा, मी चुकले. इथंच नाक घासते. मनुआत्याला धाडा."

ती खरोखरच खाली वाकली. येसाजींनी हात वर केला.

"इथं नगं. माझ्या घरचं भांडन हाय का ते? गावकीचा अपमान झाला, माफी गावकीम्होरं. उद्या बैठक भरवतो. माफी उद्या घेऊ."

"उद्यापर्यंत जनी राहनार न्हाय."

"ते देवाच्या हातात," येसाजी म्हणाले आणि पान तोंडात घातलं.

आतल्या दाराआड बांगड्या नसलेले दोन म्हातारे हात चौकटीला धरून होते. रतनला ते दिसले. तिने "मनुआत्या" अशी हाक मारली. हात क्षणभर घट्ट झाले आणि आत गेले.

दिवस मावळायच्या सुमाराला जनी मोकळी झाली. मुलगा होता. नाळेचा वेढा गळ्याला बसला होता, तो नीराबाईला वेळेवर सोडवता आला नाही. मूल रडलं नाही. जनी जगली. शुद्धीवर आल्यावर तिने फक्त विचारलं, "वन्सं, तू माफी मागितलीस ना?"

सकाळी विठोबा आणि दयारामने खाडीकाठी खड्डा खणला. खांद्याला, हाताला तिसरं माणूस नव्हतं. तिथूनच रतन देवळाकडे गेली. बैठक ठरल्याप्रमाणे भरली होती. येसाजींनी समोरची जागा झाडून ठेवायला लावली होती.

रतन त्या जागेवर उभी राहिली.

"काल मी वाकले होते. तुमी घेतली न्हाय माफी," ती म्हणाली. "जे लेकरू वाचवायला मी मागत होते ते आता मातीत हाय. आज माझ्याकडं माफी न्हाय. तुमी दिलेली शिक्षा मोडनार मी. गावात, कचेरीत, कोर्टात, जिथं कुनी ऐकंल तिथं सांगनार."

"मग मरंपर्यंत वालीत," येसाजी म्हणाले.

तेव्हा कट्ट्याकडून मनुबाई पुढे आली. लुगड्याचं बोचकं तिच्या काखेत होतं.

"मलापन टाक त्यांच्यात," ती भावाला म्हणाली. "मी काल आत बसून ऐकत होते. माझे हात धड होते न मी बसले. ते पाप तुझं एकट्याचं न्हाय. आजपासून मी नीरेकडं राहीन."

येसाजींनी सभेकडे पाहिलं. बहिणीला वाळीत टाकायला सभेचा होकार हवा होता. कुणी हो म्हटलं नाही, पण तिच्या बाजूनेही कुणी उठलं नाही. माणसं एकेक करून घरी गेली.

त्यानंतर महिनाभर काही बदललं नाही. विठोबाची होडी किनाऱ्यावर पडून राहिली. रतनची सोसायटीतली नोकरी गेली. ती अलिबागेच्या कचेरीत अर्ज घेऊन खेटे घालू लागली. तिकडे मुंबईत नेतृत्ववर्गाचा समारोप थाटात झाला. पुढल्या वर्षीचीही घोषणा झाली.

मग एका सकाळी भिकू नीराबाईच्या अंगणात येऊन उभा राहिला. विठोबाच्या होडीवरचा तो जुना खलाशी. त्याच्या बायकोला कळा लागल्या होत्या. वाळीतल्या दारी आपल्याला कुणी पाहील म्हणून तो मान खाली घालून हळूच पुटपुटला, "जरा येता का."

मनुबाई उंबऱ्याशी भाकरी खात बसली होती. ती उठली, हात धुतले, पदर खोचला, पण पायरी उतरली नाही.

"कोनाला बोलावतोस?" तिने विचारलं.

भिकूने मागे वळून पाहिलं. विहिरीवरच्या बाया बघत होत्या. देवळाच्या पारावर येसाजी बसलेले होते.

"बाय, वेल न्हाय. चला ना."

"मी तयार हाय. पन त्या दिशी जनीचा नवरा हाक मारत होता, ती समद्यांनी ऐकूनपन कुनी ऐकली न्हाय. आज समद्यांना ऐकू येल अशी मार."

भिकू अंगणाच्या मधोमध आला. त्याने एकदा पाराकडे, एकदा आपल्या घराकडे पाहिलं आणि मग सगळ्या कोळीवाड्यात घुमेल अशा आवाजात ओरडला,

"मनुबाय, माझ्या घरी या."

मनुबाई पायरी उतरली.