कसली गाठ

आमचे हे विजेचं बिलसुद्धा दोन्ही बाजूंनी वाचणारे. त्या इंजेक्शनच्या संमतीच्या कागदावर मात्र मी बोट ठेवलं तिथे मुकाट्याने सही केली. "यांना घरी नीट समजावते," असं मी डॉक्टर श्रद्धांना सांगितलं होतं. घरी आल्यावर मी यांना म्हणाले, मेंदूच्या नसांना सूज आहे. गाठ हा शब्द तोंडातून निघेचना. माणूस खचेल, एवढंच डोक्यात.

डॉक्टरांनी मला दोनदा बजावलं होतं. हे औषध गाठीशी लढायला शरीराचे पहारेकरी जागे करतं, पण ते कधीकधी घरच्यांनाच बडवतात. पापणी पडली, एकाचे दोन दिसले, घास अडकला, तर त्याच दिवशी या. मी मान डोलावली. चाळीस वर्षं वर्ग सांभाळलेली बाई मी, माझ्या नजरेतून काय सुटणार होतं?

दुसऱ्या इंजेक्शननंतर हे लक्ष्मी रोडवरून काळसर काचांचा चष्मा करून आले. म्हणे, ऊन सोसत नाही.

"वा, सत्तरीत हिरो," मी म्हणाले.

मग मऊ भात मागायला लागले. कवळी सैल झाली असेल म्हणून मी दंतवैद्याची वेळ घेतली. शहाणी ना मी!

आठव्या दिवशी यांना धाप लागली. हॉस्पिटलात डॉक्टरांनी चष्मा काढला, तर दोन्ही पापण्या अर्ध्या मिटलेल्या.

"काका, सांगितलं का नाहीत?"

"एकाचे दोन दिसायचे, नंबर बदलला असेल म्हटलं. हिला कशाला उगाच घोर?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही समजावलं होतंत ना?"

"हो," मी म्हणाले. धडधडीत खोटं.

श्वासासाठी घशात नळी घातली. बोलता येईना, म्हणून मी घरून पाटी नेली. चौथ्या दिवशी नवा स्कॅन आला. इतका आनंद झाला मला, की भान राहिलं नाही. यांच्या कानाशी वाकून म्हणाले, "अहो, गाठ निम्मी झाली."

यांनी बोटांनीच पाटी मागितली. वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं, 'कसली गाठ?'

मला रडू फुटलं. "उद्या सांगते, सगळं सांगते," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला हे गेले. पाटी घरी आणलीय. जन्मभर फळे पुसले मी, पण हे दोन शब्द पुसायला हात धजत नाही.