रंगूबाईचं सरेंडर

“महेशला सांगा, आजच्या आज सरेंडर करायचं. त्याचा फोन बंद लागतोय. संध्याकाळी साहेब निघून गेले, की पुढचं आमच्या हातात नाही.”

एवढं बोलून पलीकडच्या माणसाने फोन ठेवला. रंगूबाई झेंडूच्या वाफ्यात उभी होती. ओटीतली फुलं खाली सांडली तरी तिला समजलं नाही. माणूस कोण, कुठला, हे विचारायचंसुद्धा सुचलं नाही.

आडगावच्या शिवारात सारा संसार केलेल्या या बाईला इंग्रजी शब्द काही कमी येत नव्हते. ड्रिप, स्प्रे, लोडशेडिंग हे तर घरचेच. नवरा गोटीराम म्हणायचा, एक दिवस हिला इंग्रजी शाळेत शिकवायला बोलावतील. सरेंडर हा शब्दही तिला चांगला ठाऊक होता, आणि तीच पंचाईत होती. गेल्या वर्षी भाऊबंदांतल्या भिकनच्या पोराने मारामारीत एकाचं डोकं फोडलं, चार दिवस रानोमाळ लपला आणि शेवटी सरेंडर झाला. जामिनावर सुटून आला तेव्हा रंगूबाई त्याला बघायला गेली होती. पोर कुणाच्या नजरेला नजर देत नव्हतं. दाराची कडी वाजली तरी दचकत होतं.

आणि तिच्या पोराचं, महेशचं, तर आठवड्यापासून काहीतरी बिनसलं होतंच. तो ओझरच्या बाजूला एका कारखान्यात ठेकेदाराकडे मशीनवर कामाला होता. त्याचा युनिफॉर्म रंगूबाई धुवायची. ऑइलचे डाग निघता निघत नसत आणि ती रोज कारखान्याच्या नावाने बोटं मोडायची. या आठवड्यात मात्र शर्टाला घामाचा वास होता, ऑइलचा ठिपका नव्हता. पोर जेवताना ताटात नुसती बोटं फिरवत बसायचं. त्यात परवा हायवेच्या फाट्यावर पोरापोरांत हाणामारी झाली होती आणि एक जण दवाखान्यात पडला होता. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. रंगूबाईच्या मनाने घटकाभरात महेशच्या हातात काठी दिली आणि त्याला बेड्याही घातल्या.

महेशला फोन लावला तर बंद. गोटीराम पंचवटीला फुलबाजारात गेला होता. त्याला सांगावं तर तो आधी ओरडणार आणि मग ऐकणार. पोराला मारतील, हे एकच तिच्या डोक्यात घुमत होतं. लहानपणी मास्तरांनी छडी उगारली तरी ज्याला ताप यायचा, ते पोर मार कसं सोसणार? तिने तोंडावर पाणी मारलं, धुतलेलं लुगडं नेसलं, दाराला कुलूप लावलं आणि हायवेवर येऊन शेअर रिक्षाला हात केला. काय करायचं ते तिचं ठरलं होतं.

पोलीस चौकीच्या पायरीवर मात्र ती थबकली. आयुष्यात ती कधी तिथे आली नव्हती. आत टेबलापाशी एक महिला पोलीस चहा पीत होती. छातीवरच्या पट्टीवर शैला एवढंच रंगूबाईला वाचता आलं, आडनावापर्यंत डोळे टिकले नाहीत.

“ताई, मला सरेंडर व्हायचंय.”

शैलाने कप खाली ठेवला. तिला वाटलं, बाईने घरी कुणाला मारलंबिरलं की काय. तिने रंगूबाईला बाकावर बसवलं, पाणी दिलं आणि काय केलंय म्हणून विचारलं.

“म्या काय नाय केलं. पोरानं केलंय.”

“काय केलंय त्यानं?”

“ते मला ठाव नाय. पर त्याला नका नेऊ, मला घ्या. सांजच्या आत सरेंडर करायचं, असा फोन आला व्हता. काय लिहायचं ते लिहा, म्या सही करते.”

शैलाला हसू आलं होतं, पण रंगूबाईने सहीसाठी पुढे केलेला हात बघून तिने ते गिळलं. आमच्याकडून असा फोन जात नाही, म्हणाली. रंगूबाईचा मोबाईल घेऊन तिने त्याच नंबरला उलटा फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. फोनवर ठेकेदाराचा सुपरवायझर होता. चौकीचं नाव ऐकून तोच घाबरला.

“अहो मॅडम, गेटपास सरेंडर करायचाय फक्त. आमचं काम संपलं ना, सगळी पोरं मागच्या आठवड्यातच कमी केली. त्याला माहितीये की.”

शैलाने फोन बंद केला. मग लहान मुलाला सांगावं तसं तिने समजावलं, की सरेंडर म्हणजे परत देणं, सोडून देणं. सरकारी क्वार्टर सोडताना क्वार्टर सरेंडर करतात. शिल्लक रजा आम्ही पोलीससुद्धा सरेंडर करतो.

“गुन्ह्याचं काही नाही, मावशी. पोरगा तुमचा सरळ आहे. फक्त काम गेलंय त्याचं.”

रंगूबाईने तिथेच पदर तोंडाला लावला. पोर गुन्हेगार नाही, या आनंदाने ती रडली. पण रिक्षात बसल्यावर दुसऱ्या भीतीने तिला घेरलं, आणि ही पहिलीपेक्षा वाईट होती. काम नव्हतं, तर पोर आठवडाभर युनिफॉर्म घालून जात कुठे होतं? आणि आज फोन बंद का होता? शिवारातल्या सगळ्या विहिरी तिला एकामागून एक आठवल्या. घरात न जाता ती बांधावर येऊन उभी राहिली. येणारी प्रत्येक मोटारसायकल आपलीच वाटायची आणि पुढे निघून जायची.

उन्हं कलली तेव्हा महेश आला. रंगूबाईने त्याचा दंड धरला, घट्ट धरला आणि कुठे होतास म्हणून विचारलं नाही.

“पास कुठं हाय? चल, देऊन येऊ.”

महेशचा चेहरा उतरला. “तुला कुणी सांगितलं?”

“चौकीत कळलं.”

“चौकीत? तू कशाला गेली व्हती?”

“तुझ्या बदली सरेंडर व्हायला.”

त्याला काही समजेना. तिने सगळं सांगितलं तसा तो हसायला लागला, आणि हसता हसताच त्याने तिच्या खांद्यावर डोकं टेकलं. कामासाठी सातपूर, अंबडचे सगळे कारखाने फिरलो, म्हणाला. पाससाठी सारखे फोन यायचे म्हणून मोबाईल बंद ठेवला. दुसरं काम मिळालं की मग सांगणार होतो. रंगूबाई त्याची पाठ चोळत राहिली. सांगायचं होतं रे, एवढंच म्हणाली.

दोघं मोटारसायकलवर ओझरला गेली. गेट बंद व्हायला थोडाच वेळ होता. महेशने खिशातून पास काढून वॉचमनला दिला. वॉचमनने न बघताच तो खुर्चीजवळच्या खोक्यात टाकला. खोकं तशाच पासांनी भरत आलं होतं. प्रत्येकावर एकेक कोवळा चेहरा, केस नीट विंचरलेले, शर्टाचं वरचं बटण लावलेलं. महेशचा पास पालथा पडला होता.

“फोटो तेवढा मिळंल का?” रंगूबाईने विचारलं.

“नाही मावशी. सगळंच जमा करावं लागतं.”

“मग पालथा तरी नका ठेवू.”

वॉचमनने तिच्याकडे पाहिलं. मग तो वाकला आणि त्याने महेशचा पास सरळ केला. शेजारचे आणखी काही पालथे होते, तेही सरळ केले.