चार पदरी फडकं

“हे फडकं इथं कोणी बांधलं?” शिडीवर चढलेल्या यंत्रवाल्याने विचारलं.

“मी,” म्हटलं. तेही जरा ऐटीतच. “धूळ जात होती हो आत. काजळीने त्याचं तोंड काळं झालं होतं. धुतलेलं सुती फडकं आहे, चार पदरी करून बांधलंय.”

त्याने फडक्याची गाठ चाचपून बघितली. शाळेच्या भिंतीवरचं ते पांढरं डबडं हवा मोजतं. खालच्या भोकातून हवा ओढतं आणि काचेवर आकडा दाखवतं. आकडा पन्नासच्या आत असला तर हवा चांगली. दोनशेच्या वर गेला तर म्हातारी माणसं, लेकरं, दम्याचे रोगी यांनी घरातच बसायचं. मी शाळेची शिपाईण. रोज सकाळी तो आकडा फाटकाजवळच्या फळ्यावर लिहायचा, हे माझं काम. मुख्याध्यापकांचं कोणी ऐकत नाही, पण माझा फळा सगळे वाचतात.

“अहो मावशी, धूळच तर मोजायची असते याला,” तो शेवटी म्हणाला. “तुम्ही ती गाळून दिलीत.”

फडकं बांधून अकरा दिवस झाले होते. त्याआधी आकडा दीडशेच्या आसपास असायचा. फडकं बांधलं आणि तो अडतीसवर आला. मला वाटलं, साफसफाई केली म्हणून यंत्र ताळ्यावर आलं! बावळटपणा म्हणावा तरी किती! चौघींना सांगूनही आले होते, की यंत्र बसवणाऱ्या साहेबांना जमलं नाही ते मी एका फडक्यात केलं.

त्याने फडकं सोडलं. आकडा चढायला लागला. नव्वद. एकशे सत्तर. दोनशे चाळीस. थांबेचना. खाली दरीत वीटभट्ट्या पेटलेल्या, आणि थंडीत तो धूर वर जात नाही, आमच्या गावातच मुक्काम ठोकतो.

यंत्रवाला खाली उतरला आणि हळूच म्हणाला, “मी यंत्रातच बिघाड होता असं लिहितो. उगाच तुमची नोकरी जायची.”

खोटं कशाला बोलू, क्षणभर हायसं वाटलं मला. मग आबा आठवले.

आबा म्हणजे माझे सासरे. तीस वर्षं लाकूड कापायच्या गिरणीत काढली, भुशाने छाती पार पोखरलेली. डॉक्टरांनी बजावलंय, हवा खराब असली की उंबरा ओलांडायचा नाही. आणि गेले अकरा दिवस मीच त्यांची खुर्ची अंगणात नेऊन ठेवत होते. “बसा उन्हात, आज हवा छान आहे.” दोन दिवस खोकला वाढला, तेव्हाही म्हटलं, थंडीचा असेल.

धावत घरी आले. चढावर माझाच श्वास कोंडला. आबा अंगणात खुर्चीवर पुढे वाकून बसले होते. ओठ निळसर. घशातून शिट्टीसारखा आवाज येत होता.

“आबा! आत चला आधी!”

त्यांना कसंबसं आत आणलं, दार लावलं, नर्सबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, ऑक्सिजनची नळी घेऊन निघते, गाडीही मागवते. मी आबांच्या पायाशी बसले आणि सगळं सांगून टाकलं. फडकं, अडतीस, दोनशे चाळीस.

आबांनी ऐकून घेतलं. मग एकेक शब्द तोडत म्हणाले, “धूर... लागत होता मला. पहिल्या दिवसापासून.”

“मग बोलला का नाहीत? बाहेर कशाला बसलात?”

“लोक येता-जाता बघतात ना. सासराच आत बसला... तर सुनेच्या फळ्यावर विश्वास कोण ठेवील?”

मला ओरडावंसं वाटलं त्यांच्यावर. रडूच फुटलं. अहो, असला कसला मान राखायचा! त्यांनी माझा हात धरला आणि मग ढकललाच.

“बसून काय राहिलीस? मला नर्सबाई बघतील. तू घरोघरी जा.”

नर्सबाई आल्या, नळी लावली, तशी मी निघाले. माझी नोकरी, यंत्रवाल्याचा कागद, काही डोक्यात नव्हतं. नुसती भीती होती. मी परत येईन तेव्हा आबा असतील ना, एवढंच.

पहिलं घर बाळंतिणीचं. अठरा दिवसांचं लेकरू मांडीवर घेऊन ती ओट्यावर उन्हात बसली होती. मला बघून हसली.

“या मावशी. आज किती?”

“दोनशे चाळीस,” मी म्हटलं. “आत जा, खिडक्या लावून घे. आणि हे नुसतं आजचं नाही गं, अकरा दिवसांचं आहे. मी चुकीचं लिहीत होते. चूक माझी आहे.”

तिने लेकराचं तोंड पदराने झाकलं, आत गेली आणि दार लावून घेतलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला. मी पुढच्या घराकडे वळले.