जाड टोक

उभा जन्म रेडिओ दुरुस्तीत घालवलेल्या सासऱ्यांनी आपल्या रिमोटवरच्या विमानाच्या बॅटरीची जाड तार तिसऱ्यांदा कनेक्टरला डाग देऊन जोडली आणि ओढून पाहिली. ती अलगद सुटून हातात आली. दुपारी मैदानावर विमान उडवायचं होतं.

"संपलं, सूनबाई. हात गेले माझे. देऊन टाक हे विमान कुणाला तरी."

बाळाला खांद्यावर थोपटत सून जवळ आली. हात थरथरत होते खरे, पण डाग अगदी जागच्या जागी पडला होता. फक्त निस्तेज आणि खरबरीत दिसत होता.

"बाबा, हातांना कशाला बदनाम करताय? सोल्डरिंग आयर्नचं हे बारीक टोक केसाएवढ्या तारांसाठीचं. एवढी जाड तार त्यानं तापेल होय? त्यात तुम्ही रेडिओच्या सवयीनं टेकवता न टेकवता तोच उचलता!"

सासऱ्यांनी जाड टोक बसवलं आणि तार नीट तापेपर्यंत दम धरला. कथील पाण्यासारखं आत मुरलं. ओढलं, तर तार हलेना.

"अगंबाई! शॉर्ट होऊ नये म्हणून जोडावर चढवायची रबरी नळी आधी तारेत ओवायची राहिलीच की, बाबा."

"असू दे गं, पुन्हा जोडतो," म्हणत त्यांनी हसत हसत तार सोडवण्यासाठी पुन्हा तापवायला घेतली.